बिनरिव्हर्सची गाडी

बोलता बोलता लोकेशच्या ध्यानात आलं, की शेजारी कोणी नाही. नहरेच्या काठानं जाणाऱ्या त्या रस्त्यावर आतापर्यंत दोन माणसांच्या चपला वाजत होत्या, आता एकाच्याच वाजत होत्या, आणि तो एक आपणच आहोत हे कळायलाही त्याला थोडा वेळ लागला. दीपिका मॅडम कुठे गळाली, रवीच्या शिट्टीच्या गोष्टीपाशी की त्याच्याही आधी, काही सांगता येत नव्हतं. गेले कित्येक आठवडे त्याला बोलतं करायला ती शेजारी घेऊन चालत होती आणि तो हूं, हौ, काय माईत, एवढ्यावर दिवस काढत होता. आज पहिल्यांदा त्याचं तोंड आपलं आपण उघडलं होतं. लहानपणी धाकटा रवी आजारी पडला की डॉक्टरला जीभ दाखवायचा नाही, डॉक्टरलाच आधी दाखवायला लावायचा, असं काहीबाही तो सांगत सुटला होता, मध्ये एकदा हसलाही होता. तसं पाहिलं तर मन मोकळं करायला ह्याहून बरी वेळ नव्हती, कारण ऐकायला कोणीच नव्हतं. समोरून सायकलवर गवताचा भारा घेऊन गेलेल्या बाईनं त्याच्याकडे जसं पाहिलं, त्याचा अर्थ आता लागला. आणि तेवढ्यात मागून, बऱ्याच लांबून, आवाज आला. "भाऊ, थांबा ना."

तो थांबला. थांबणं जमत होतं. मानेच्या मागे, केस संपतात तिथे, कोणीतरी ओलं बोट टेकवावं तसं झालं आणि ते गार तिथून पाठीत उतरलं. चैत्राची संध्याकाळ होती, डांबर अजून भाजत होतं, पलीकडच्या मोहाखालून आंबूस गोड वास येत होता, उन्हाळी धानासाठी नहरेला, म्हणजे कालव्याला, काठोकाठ पाणी सोडलेलं होतं. आणि ह्या सगळ्याकडे तोंड करून लोकेश उभा होता. मागे वळून पाहायचं होतं, एवढंच. लहान पोरंही पाहतात. बैल पाहतो. त्यानं मानेला सांगून पाहिलं. मानेनं ऐकून घेतलं.

ह्या मानेपायी तो हाडांच्या डॉक्टरकडेही जाऊन आला होता. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरला, आणि इतकी चांगली मान बालाघाटात आपण क्वचितच पाहिली असं म्हणाला. तरी आलाच आहे तर जाऊ नये रिकामा, म्हणून एक पांढरा पट्टा दिला. तो पट्टा लावून लोकेश बस चालवायला बसला तेव्हा लांजीचे प्रवासी अदबीनं चढू लागले, म्हाताऱ्यांना वाटलं कोणी साहेब आला. पण दुखणं मानेत नव्हतं. गाडी पुढे जात होती, अगदी पहिल्यासारखी जात होती, घाटातून, मँगनीजच्या ट्रकांच्या काळ्या धुळीतून, ढोरांच्या कळपातून. फक्त मागे येत नव्हती. रिव्हर्स टाकला की त्याचा हात दांड्यावर राहायचा आणि पाय क्लचवर राहायचा, आणि सगळी बस वाट पाहत बसायची. मग त्यानं यावर तोड काढली. लांजीच्या स्टँडवर गाडी मागे घेण्याऐवजी तो ती पुढेच काढायचा, बाजारातून, शाळेला वळसा घालून, एका राइस मिलच्या आवारात एका दारानं शिरून दुसऱ्या दारानं बाहेर, आणि पुन्हा स्टँडसमोर. लोकांना आपापली घरं दोनदा दिसायची. एक म्हातारी तर आपल्या दारातच उतरली आणि तिनं त्याला तोंड भरून आशीर्वाद दिला. पण एके दिवशी त्या वळशात समोरून वरात आली, आणि एक बस आणि एक नवरदेव अर्धी सकाळ तोंडाला तोंड लावून उभे राहिले. कोणीतरी मागं सरा, असं सगळेच म्हणत होते. शेवटी नवरदेव मागे सरला. घोडीला रिव्हर्स होता.

त्या दिवशी बसच्या मालकानं, ज्याला सगळे सेठ म्हणत, त्याला समोर बसवून चहा पाजला. सेठ चहा पाजतो म्हणजे काहीतरी वाईट असतं. सेठ म्हणाला, "लोकेश, गाड़ी आगे भी जाती है, पीछे भी जाती है. तू आधी गाड़ी चला रहा है." हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर लोकेशला बरं वाटलं असतं, पण तो मायेनं म्हणाला, आणि वर म्हणाला की पाऊस लागायच्या आत नीट हो, नाही तर सीट दुसऱ्याला द्यावी लागेल, तुला मिलवर चौकीदारीला ठेवतो, तुझ्या घरचं मला माहीत नाही काय. लोकेशनं मान हलवली. वरखाली ती चांगली हलायची. सीट म्हणजे काय हे सेठला ठाऊक असूनही ठाऊक नव्हतं. त्या गाडीच्या मागच्या पत्र्यावर, डाव्या हाताला, एक खळगा पडला होता, रोज थाप मारून मारून पडलेला. तो रवीच्या हाताचा होता. दुसरा ड्रायवर बसला की पहिल्यांदा पत्रा ठोकून गाडी रंगवून घेणार.

रवी त्याचा धाकटा भाऊ आणि त्याच गाडीवर कंडक्टर. गाडी मागे घ्यायची झाली की रवी खाली उडी मारायचा, मागे जाऊन उभा राहायचा आणि ओरडायचा, आने दो, आने दो, आने दो. लोकेश आरशात पाहायचा नाही. सुरुवातीला पाहायचा, नंतर सोडून दिलं. आरशात अर्धंच दिसतं, आवाजात पूर्ण दिसायचं; आवाज किती ताणला, किती आखडता घेतला, ह्यावरून मागे नाली आहे की हातगाडी की झोपलेलं कुत्रं हे त्याला कळायचं. शेवटी पत्र्यावर दोन थापा आणि बस्स. स्टँडवरचे बाकीचे ड्रायवर माना वेळावून, खिडकीबाहेर अर्धं अंग काढून गाड्या मागे घ्यायचे आणि लोकेश समोर पाहत, चणे खात. लोक म्हणायचे ह्याच्या पाठीला डोळे आहेत. पाठीला रवी होता.

"भाऊ, ओ भाऊ," मागून पुन्हा आवाज आला. ह्या खेपेला त्यात थोडी कुरबूर होती. लोकेशला वाटलं की निदान हात तरी वर करावा, ऐकलं म्हणून. पण हात वर करणं म्हणजे ओ देणं, आणि ओ द्यायची नसते. असं फकिरामामानं सांगितलं होतं. फकिरामामा म्हणजे मोहल्ल्यातल्या प्रत्येक मयतीचा पुढारी, बांबू कुठला आणायचा, मडकं कोणी धरायचं, नारळ कधी फोडायचा, ह्यात त्याचा शब्द शेवटचा. त्याला स्वतःला जन्मात दुसऱ्या कशात पुढाकार घ्यायला मिळाला नव्हता, ते सगळं त्यानं मेलेल्यांवर काढलं होतं. भादव्यात लोकेशचे वडील, डोमाजी, गेले तेव्हाही तोच पुढे होता. वैनगंगा दोन्ही काठ धरून वाहत होती, लाकडं ओली होती, चिता धरायलाच तयार नव्हती. राइस मिलमधून कोंढ्याची पोती आणून टाकली तेव्हा डोमाजी एकदाचे पेटले. जन्मभर त्या मिलच्या कोंढ्यावर खोकत काढलेल्या माणसाला शेवटी कोंढाच कामी आला, असं रवी हळूच म्हणाला होता, आणि लोकेशला अशा जागी हसू आलं होतं. मग सगळ्यांनी नदीत बुडी मारली, काठावरच, दोर धरून. मग फकिरामामानं नियम सांगितला, जो सगळ्यांना माहीत होता तरी दर वेळी सांगायचा असतो. आता निघालं की मागं पाहायचं नाही. अग्नी देणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. गेलेला माणूस हाक मारतो, त्याला कळत नाही आपण गेलो म्हणून, आणि पाहिलं की तो घरी येतो. लोकेश पुढे लागला. ओलं धोतर पायांना चिकटत होतं. घाट चढून वर रस्त्याला लागेतो मागून हाक आली, दादा, थांब ना.

घरात सगळेच त्याला दादा म्हणत. बापही म्हणायचा. आणि बापाचा आणि रवीचा आवाज एकाच भांड्यातून ओतल्यासारखा, फोनवर तर अंजनाही, त्याची बायको असून, फसायची. ओळीतल्या प्रत्येकानं ती हाक ऐकली. प्रत्येकाची पाठ ताठ झाली, हे लोकेशला न पाहताही कळलं, कारण सगळ्यांच्या चपला एका क्षणापुरत्या अडखळल्या आणि मग जोरात वाजू लागल्या. फकिरामामा मागून म्हणाला, "पाहू नोको, लोकेश. बुढा बलावून राह्यला." पुन्हा हाक आली, दादा. मग आली नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, की बुढा समजला. घरी येऊन दाराशी ठेवलेला कडुनिंबाचा पाला दाताखाली धरला, तेव्हा रवीच्या वाटचा पाला ताटलीत तसाच राहिला.

त्याचा गमछा वाहून चालला होता. नवा होता, मयतीसाठीच घेतलेला. तो धरायला गेला असेल, असं सगळे धरून चालतात. गमछा त्याच सांजेला सापडला, खालच्या झुडपाला अडकलेला. रवीला फार खालून आणावं लागलं. त्याच घाटावर, त्याच ओल्या राखेशेजारी, पुन्हा लाकडं, पुन्हा कोंढा, पुन्हा फकिरामामा. आणि परत निघताना पुन्हा तोच नियम, मागं पाहायचं नाही. लोकेश त्या दिवशी कान टवकारून चालला. कोणी हाक मारली नाही.

आणि कोणी त्याला काही बोललंही नाही, हेच त्याला कळत नव्हतं. एवढ्या मोठ्या गावात एकानंही विचारलं नाही. उलट लोक घरी येऊन सांगून जात, तू बरोबर केलं, पाहायचंच नसते, तू पाहिलं असतं तं बुढ्यानं घर धरलं असतं. जणू आता घराला कोणी धरलंच नव्हतं. फकिरामामा तर त्याला धीर देता देता स्वतःलाच देत होता, आणि हल्ली मयतीला जात नव्हता, गुडघे दुखतात म्हणून. तेराव्यानंतर एकदा लोकेश अंगणात दाढी करत बसला होता तेव्हा मागून मंजुषा बोलली. मंजुषा रवीची बायको. लोकेश तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, आणि ती लग्न होऊन आली तेव्हापासून भासऱ्याशी बोलायचं तर दाराआडून नाही तर पाठीमागून, अशी त्या घरातली रीत. तिच्या तोंडाकडे नीट पाहिल्याचं लोकेशला आठवतही नव्हतं. तिचा आवाजच त्याला ओळखीचा होता, आवाजच सुजलेला वाटत होता. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी बराबर केलं. पाहाचं नसते." आणि बांगड्या नसलेल्या हातांनी बादली उचलून गेली. लोकेशनं हातातला आरसा पालथा ठेवला, कारण त्यात त्याच्या खांद्यावरून मागचं दार दिसत होतं. तेव्हापासून. न्हाव्याकडे बसला की न्हावी मागून आरसा धरायचा, पाहून घ्या, आणि लोकेश डोळे मिटून म्हणायचा, छान. गाडीचे बाजूचे आरसे त्यानं आत वळवून घेतले. ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून पुढे जात. दीड वर्षाची मुन्नी, रवीची, मागून येऊन त्याच्या पाठीला लटकायची तेव्हा तो तिला तसाच पाठीवर घेऊन हिंडायचा. तिला वाटायचं हा खेळ आहे.

अंजनानंच मग दीपिका मॅडमचा पत्ता काढला. दीपिका वारासिवनीकडची, नागपूरला शिकून आलेली, मनाच्या दुखण्यांवर बोलून इलाज करणारी. आधी तिची खोली होती, काली पुतली चौकाजवळ एका ट्यूशन क्लासच्या वर. पण तो जिना चढताना कोणी दिसला की खालचा पानठेलेवाला मोठ्यानं विचारायचा, ऊपर जा रहे क्या, आणि माणूस लगेच सांगायचा, नहीं नहीं, ट्यूशन. पन्नाशीचे गृहस्थ ट्यूशनला जाऊ लागले. मग तिनं खोली सोडली आणि इलाज रस्त्यावर आणला. चालता चालता बोलायचं. समोरासमोर बसावं लागत नाही, डोळ्याला डोळा भिडत नाही, आणि पाय हलले की मन हलतं, असं तिनं अंजनाला समजावलं. तिनं शास्त्र सगळं पाहिलं होतं, फक्त एक पाहिलं नव्हतं, की ह्या गावात कारणावाचून पायी चालताना माणूस दिसला तर ती आणीबाणी समजली जाते. पहिल्याच दिवशी मोती तालाबाकाठी दर थोड्या वेळानं एक मोटारसायकल थांबायची, काहून पैदल, बसा ना, सोडून देतो. नाही म्हटलं तर लोकांना राग यायचा. एक रिटायर कंपाउंडर तर स्वतःच खाली उतरला, गाडी ढकलत दोघांच्या मधून चालू लागला, आपली शुगर, आपला मुलगा, सुनेचं माहेर, सगळं सांगून मोकळा झाला, आणि जाताना फार हलकं वाटलं म्हणाला. त्या दिवशी इलाज झाला तो त्याचाच. नंतर ती लोकेशला घेऊन गावाबाहेर नहरेच्या रस्त्याला आली. एकच अट घातली होती, की कोणी जवळ आलं तर हवापाण्याचं बोलायचं. त्यामुळे त्या बाजूच्या लोकांची समजूत झाली होती, की ही दोघं हवामान खात्याची आहेत. धान कधी कापू, असंही एकानं विचारून घेतलं होतं.

तीही म्हणाली होती, पहिल्याच दिवशी, फार हळुवारपणे, "भाऊ, तुमची चूक नव्हती." तेव्हा लोकेशला वाटलं होतं, झालं, हीही घाटावरच्या ओळीतलीच.

"भाऊ!" आता तिसरी हाक. ह्यात कुरबूर नव्हती, दुखणं होतं. समोरून मोटारसायकल आली, दुधाचे कॅन बांधलेली, आणि अर्थातच थांबली. दूधवाल्यानं विचारलं, काय झालं, इथं काहून उभे, सोडून देऊ काय. लोकेशनं त्याच्याकडे पाहिलं. सरळ, समोर. आणि त्याला न विचारता त्याचं तोंड बोललं, "भाऊ, माह्या मांगं कोनी आहे काय?"

दूधवाल्यानं मान थोडी कलती केली, त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. किती सोपं. "हौ," तो म्हणाला, "एक बाई पुलियाच्या कठड्यावर बसली आहे. पाय धरून." मग त्यानं लोकेशला आपादमस्तक न्याहाळलं, काहीतरी ठरवलं, आणि आज पाऊस यायचा नाही ना, एवढं विचारून गाडी काढली. तो लांब जाईतो लोकेश त्याच्या कॅनांचा खडखडाट ऐकत राहिला. घाटावरून ते सगळे वर चढत होते तेव्हा समोरून एक माणूस आला असता. एकच. कोणीही. दूधवाला, खारीमुरीवाला, उधारी मागणारा. त्यानं कलत्या मानेनं नुसतं म्हटलं असतं, पाण्यात कोनीतरी आहे. त्याला तर नियम लागू नव्हता. पण मयत येताना दिसली की ह्या गावात लोक रस्ता सोडून आत गल्लीत होतात. मान देतात.

मग लोकेशनं एक पाऊल मागे टाकलं. मान तशीच, डोळे समोर, जिथून दूधवाला आला होता तिथे. उजवा पाय उचलून मागे ठेवला, चवडा आधी, टाच नंतर. मग डावा. हे त्याला कसं सुचलं ते त्याला कधीच सांगता आलं नसतं. सुचलं ते पायांनाच. गाडी रिव्हर्समध्ये पडली की जसा एक हिसका बसतो तसा बसला. रस्ता त्याच्या पायांखालून पुढे सरकू लागला, मोहाचं आणखी एक झाड, जे मागे गेलं होतं, ते बाजूनं पुन्हा हळूच पुढे आलं, वासासकट. गवताच्या भाऱ्याची ती बाई मॅडमच्या हाका ऐकून भाऱ्यासकट परत आली होती, ती सायकलवरून उतरून उभी राहिली. डावीकडे नहर होती. पाण्याचा आवाज जवळ येत होता की तो पाण्याजवळ जात होता, हे समोर पाहून कळणारं नव्हतं. भादव्यातल्यासारखाच आवाज, भरलेल्या पाण्याचा, जो आवाज नसतोच, नुसता दाब असतो कानावर. त्याची टाच डांबर सोडून मुरमावर आली.

"अहो, नहर आहे! उजव्या हाताले घ्या," मागून आवाज आला. तो थबकला. मग त्यानं उजवीकडे घेतलं. "हौ, तसे. अजून. आने दो," मागचा आवाज म्हणाला. ती असं शिकून आली नव्हती, पण बसस्टँडांच्या ह्या मुलखात जन्मलेल्या कोणालाही मागे येणारी वस्तू दिसली की तोंडातून हेच निघतं. "आने दो. आने दो. सरळ. आने दो." लोकेशच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं, आणि ते समोरच्या रस्त्यावर पडत होतं, आणि तो त्यापासून मागे मागे जात होता. आवाज किती ताणला, किती आखडता घेतला. पुलिया डाव्या हाताला आली असणार. "बस्स," आवाज म्हणाला, आणि तो उभा राहिला, मग आणखी एक पाऊल मागे गेला, आणि ती त्याच्या डोळ्याच्या कडेला आली, न वळता.

चपलेचा अंगठा तुटलेला, हातात. खिळा पायात शिरून रक्त आलेलं. अनवाणी चालून तळवा भाजून लाल झालेला. केस घामानं कपाळाला चिकटलेले. आणि ती संतापली होती. शिकलेल्या सगळ्या सबुरीसकट तिची नागपूरची मराठी गळून पडली होती आणि वारासिवनीकडची बाहेर आली होती.

"तीन डाव आवाज देल्ला मी. आयकू नाही आला काय तुमाले?"

"आला," लोकेश म्हणाला.

"मंग पाह्यलं काहून नाही? आवाज देल्ला तं मानसानं पाहावं ना."

म्हणून झालं आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आपण काय बोललो, कोणाला बोललो, हे तिच्या ध्यानात येताना लोकेशनं पाहिलं. ती घाईघाईनं सावरू लागली, भाऊ, माफ करा, मला असं नव्हतं, माझा पाय, तुमची काही चूक. लोकेशनं हात वर केला. तसा हात, जसा ड्रायवर खिडकीतून बाहेर काढतो, मागच्यानं थांबावं म्हणून. भादव्यापासून तो ज्या वाक्याची वाट पाहत होता ते हे होतं, बस्स एवढंच, आणि गावात एकाही माणसाजवळ ते नव्हतं, ना सेठजवळ, ना फकिरामामाजवळ, ना बादली उचलून गेलेल्या मंजुषाजवळ.

"मॅडम," तो म्हणाला, "अजून एक डाव म्हना."

तिनं म्हटलं नाही. तो रस्त्यात मांडी घालून बसला, डांबरावर, भाजत्या, आणि चिता धरायला वेळ लागावा तसा त्याचा आवाज आतून निघायला वेळ लागला. निघाला तेव्हा त्याला स्वतःलाच वाटलं हा बुढ्याचा की रवीचा. गवतवाली बाई भारा तिथेच टाकून पाण्याची बाटली घेऊन आली. तिनं काही विचारलं नाही. हवेचंही नाही.

अंधारायच्या आधी ते निघाले. दीपिकाचा पाय त्यानं आपल्या रुमालानं बांधला होता, त्याच्या चपला तिच्या पायात होत्या, मोठ्या होत होत्या, आणि तिची तुटकी चप्पल त्याच्या हातात. ती लंगडत पुढे चालली आणि तो अनवाणी मागे. भादव्यापासून तो पहिल्यांदाच कोणाच्या मागे चालत होता. पावसाच्या आत गाडी मागे येईल की नाही, पत्र्यावरचा तो खळगा राहील की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. मान अजून तशीच होती, समोर. समोर दीपिका होती. थोडं चाललं की ती थांबायची, मागे वळून पाहायची, तो आहे ना म्हणून.

तो होता. ती पुन्हा चालू लागायची. पुन्हा थोड्या वेळानं पाहायची.